घरच्या लेथसाठी थ्री फेज: मीटर, ड्राइव्ह की मोटारच बदलायची?

दिघोरीचा टर्नर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप बंद होऊन राहिलं होतं, तिथून साडेचार फुटी लेथ घेतला. राजकोटचा आहे. बेड चांगला आहे, हेडस्टॉकमध्ये खडखड नाही, चकला (काम पकडणाऱ्या भागाला) थोडं प्ले आहे. सोबत पिलर ड्रिल जवळपास भंगाराच्या भावात आलं. दोन्ही मशीन गॅरेजमध्ये बसवून लेव्हल केली आणि गाडी अडली ती विजेपाशी.

लेथची मोटार २ एचपी, ड्रिलची १ एचपी, दोन्ही थ्री फेज. घरचं मीटर सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट. धंदा करायचा नाही. वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेलं बनवायचा छंद आहे. रात्री जेवणं झाली की तास-दीड तास मशीन चालेल, रविवारी थोडं जास्त.

ज्याला विचारावं तो वेगळंच सांगते. इलेक्ट्रिशियन म्हणतो थ्री फेज मीटर घ्या. मशीनचा दलाल म्हणतो मोटार काढून फेका आणि सिंगल फेजची टाका. यूट्यूब म्हणतं व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज बनवणारा आणि मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावा. काटोलकडे मामांची शेती आहे, ते म्हणतात कंडेन्सर लाव, आमचा पंप चालतोच ना!

लेथच्या मोटारीच्या प्लेटवर एवढं वाचता येतं: १.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ३.५ अँपिअर, १४२५ आरपीएम, ५० हर्ट्झ. कनेक्शनच्या रकान्यात इंग्रजी वायसारखं चिन्ह आहे. ड्रिलच्या प्लेटवर कोणीतरी रंग मारला आहे.

काय करावं?

---

बेरिंग ६२०५

अभिनंदन भाऊ, लेथ आला घरी! आता जास्त डोकं नको लावू. थ्री फेज मीटर घे, विषय संपला. आमच्या शॉपमध्ये पाच मशिनी आहेत, डीओएल (मोटार थेट लाइनवर जोडणारा) स्टार्टर दाबला की सुरू. ड्राइव्ह-बिव्ह म्हणजे उद्या कार्ड जळलं की बसा बोंबलत.

---

पुणेरी पाना

नागपुरात मे महिन्यात ३ किलोवॅटमध्ये कूलर, फ्रिज आणि लेथ? लेथ सुरू करायच्या आधी घरच्यांची लेखी परवानगी घ्या. बाकी तज्ज्ञ येतीलच. मी वाखूण साठवून ठेवतो, माझ्याकडे पण एक शेपर पडून आहे.

---

निवृत्त तारतंत्री

मीटरबद्दल सांगतो, बाकीचं इतर सांगतील.

आधी घराबाहेर जाऊन पोल बघ. तिन्ही फेज तुझ्या पोलपर्यंत आल्या आहेत का? जुन्या वस्तीत उघड्या तारा असतील तर मोजता येतात: तीन फेज, एक न्यूट्रल, आणि बहुतेक ठिकाणी पथदिव्याची एक. नव्या लेआउटमध्ये काळी पिळाची केबल असते, तिथे खालून कळत नाही, लाइनमनला विचार. पोलवर तिन्ही असतील तर काम सोपं. नवीन चार कोअरची सर्व्हिस केबल, थ्री फेज मीटर, आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. अर्ज महावितरणच्या वेबसाइटवरून होतो. पोलवर एकच फेज असेल तर लाइन ओढण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

घरगुती मीटरसुद्धा थ्री फेज मिळतं, त्यासाठी कारखाना असावा लागत नाही. पण स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा जास्त असतो आणि मशीन महिनाभर बंद राहिली तरी तो बिलात येतो. तुझा तास-दीड तासाचा छंद आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

थ्री फेज घेतलंस तर दोन गोष्टी टाळू नकोस. पहिली, न्यूट्रलचा जोड. सिंगल फेजच्या घरात न्यूट्रल सुटला तर बहुतेक वेळा नुसता अंधार होतो. थ्री फेजच्या घरात न्यूट्रल सुटला तर एका फेजवरचा फ्रिज आणि दुसऱ्या फेजवरचा टीव्ही ४१५ व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखे होतात, आणि ज्याचा भार हलका तो आधी जळतो. नोकरीत असताना अशी घरं पाहिली आहेत. म्हणून न्यूट्रलला चांगला लग, चांगला स्क्रू, आणि मेनवर जास्त व्होल्टेजला तोडणारा रिले.

दुसरी, फेजचा क्रम. लाइनवर दुरुस्ती झाली आणि जोडताना दोन फेज इकडच्या तिकडे झाल्या, तर तुझी मोटार उलटी फिरेल. पंप उलटा फिरला तर पाणी येत नाही, एवढंच. लेथचा चक आट्यांवर बसवलेला असेल तर उलट फिरताना कटचा जोर आला की तो सुटू शकतो. एसपीपी (फेज गेली की मोटार तोडणारा रिले) घेताना फेजचा क्रम बघणारा घे, नुसता एक फेज गेल्यावर तोडणारा नको.

---

काटोलकर

मामांचं काही चुकलं नाही भाऊ. डीपीवरचा एक फ्यूज उडाला तर आम्ही काय लाइनमनची वाट पाहत बसतो काय? संत्र्याच्या झाडाले उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही. कंडेन्सर लावून पंप चालवतो. मोटार गरम होते, जोर कमी पडतो, पण पाणी येते. गावात हे सगळ्यांले माहीत आहे. मग दिघोरीत काहून नाही चालणार?

---

शलाका

काटोलकर दादा, तुमचा पंप का चालतो आणि त्याच कंडेन्सरवर दिघोरीचा लेथ का चालणार नाही, हे कळलं की या धाग्याचं अर्धं काम झालं.

तुमच्याकडे एक फेज गेली तरी दोन उरल्या. त्या दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट आहेत, म्हणजे मोटारीला हवं तेवढं व्होल्टेज दोन टोकांवर मिळतंच. कंडेन्सर फक्त तिसऱ्या टोकासाठी सरकलेला करंट तयार करतो. शहरातल्या सिंगल फेज घरात एक फेज आणि न्यूट्रल असतो, त्यात मिळतात २३० व्होल्ट. (फेज-न्यूट्रलच्या २४० ला १.७३२ ने गुणलं की ४१५ येतात, तो हाच हिशोब.) स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेल्या ४१५ च्या मोटारीला २३० दिले तर टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घसरतो आणि तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जातो. मोटार गुणगुणेल, फिरलीच तर टूल लावल्याबरोबर बसेल.

आता धागाकर्त्यासाठी. तुमच्या प्लेटवरचं ते वायसारखं चिन्ह म्हणजे स्टार, आणि ही आनंदाची बातमी आहे. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ पैकी २४० च येतात. म्हणजे आतली वाइंडिंग मुळात २४० व्होल्टची आहे. तीच तीन वाइंडिंग डेल्टात (त्रिकोणात, एकीचं टोक दुसरीला) जोडली की मोटार २३० व्होल्ट थ्री फेजची होते. पॉवर तीच, फक्त करंट ३.५ ऐवजी सहाच्या थोडा वर. आणि सिंगल फेज २३० घेऊन थ्री फेज २३० देणारा व्हीएफडी बाजारात सहज मिळतो. १.५ किलोवॅटच्या ड्राइव्हचं आउटपुट साधारण ७ अँपिअर असतं, जमून जातं.

आपल्याकडे साधारण २ एचपीपर्यंतच्या मोटारी स्टारमध्ये येतात. ३ एचपीपासून वर बहुतेक मोटारी डेल्टात, म्हणजे वाइंडिंगच ४१५ ची, कारण त्यांना स्टार-डेल्टा स्टार्टर लावता यावा. त्या मोटारींना ही युक्ती लागू नाही. ड्राइव्ह कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर लोक तासन् तास भांडतात, पण खरा निर्णय मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये होतो. तो उघडा आणि आत काय आहे ते इथे सांगा.

---

बेरिंग ६२०५

शलाकाताई, थिअरी बरोबर आहे. पण जुन्या मशीनवर ड्राइव्ह लावला की वाइंडिंग उडते, हे आमच्या रिवाइंडिंगवाल्याचं म्हणणं आहे. त्याचा तर धंदाच चालून राहिला त्यावर.

---

शलाका

त्याचं म्हणणं ४१५ च्या ड्राइव्हबद्दल खरं आहे. ड्राइव्हचं आउटपुट म्हणजे गुळगुळीत लाट नसते, उंच-उंच ठोके असतात, आणि केबल लांब असली तर मोटारीच्या टोकाशी ते डीसी बसच्या (ड्राइव्हच्या आतल्या डीसी व्होल्टेजच्या) जवळपास दुप्पट होतात. ४१५ च्या ड्राइव्हचा डीसी बस सहाशे व्होल्टच्या आसपास, म्हणजे ठोके हजाराच्या वर. जुनं वार्निश त्यात हार मानतं. २३० च्या ड्राइव्हचा डीसी बस सव्वातीनशेच्या आसपास. त्याचे दुप्पट झाले तरी साडेसहाशे. ४१५ साठी बनलेल्या मोटारीला ते झेपतं. तरी लावायच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरने बॉडीशी इन्सुलेशन बघा, आणि मोटारीपर्यंतची केबल दोन-तीन मीटरपेक्षा लांब ठेवू नका.

---

दिघोरीचा टर्नर

धन्यवाद ताई. आज टर्मिनल बॉक्स उघडला. ड्रिलच्या मोटारीत सहा बोल्ट आहेत, दोन ओळींत तीन-तीन, आणि खालच्या ओळीतले तिन्ही एका पितळी पट्टीने जोडले आहेत. लेथच्या मोटारीतून मात्र तीनच वायर बाहेर आल्या आहेत. आता?

---

निवृत्त तारतंत्री

ड्रिलचं सोपं आहे. तीन एका पट्टीने जोडले म्हणजे स्टार. ती पट्टी काढायची आणि वरचा-खालचा, वरचा-खालचा असे तीन उभे जोड द्यायचे, झालं डेल्टा. पुरवठा वरच्या तिघांना. पट्ट्या नसतील तर तांब्याच्या लगची वायर चालेल. पण आधी एकदा मीटरने बघ की वर-खालचा बोल्ट एकाच वाइंडिंगची दोन टोकं नाहीत. बॉक्समधली मांडणी तिरपी असते, म्हणूनच उभ्या जोडाने डेल्टा होतो. आधीच्या कारागिराने वायरी सरळ लावून ठेवल्या असतील तर उभा जोड म्हणजे वाइंडिंगचीच दोन टोकं एकमेकांना जोडल्यासारखं होईल, आणि मोटार फिरणारच नाही.

लेथच्या मोटारीत तीनच वायर म्हणजे स्टारचा जोड आत वाइंडिंगच्या तोंडाशी बांधून वरून दोरा आणि वार्निश मारलेलं आहे. तो जोड शोधून, सोडवून तीन नव्या वायर बाहेर काढायच्या. रिवाइंडिंगवाल्याला "मोटार रिवाइंड करून दे" असं सांगू नको, तो तुझी चांगली तांब्याची तार काढून नवीन भरेल. त्याला म्हण, "स्टार पॉइंट उघडून सहा टोकं बाहेर काढून दे, वरून वार्निश मार." इतवारीत आणि हिंगणा रोडला हे काम करणारे जुने कारागीर आहेत, त्यांना एका वाक्यात समजतं. बेरिंग जुन्या असतील तर मोटार उघडली आहे तेव्हाच बदलून घे.

---

बेरिंग ६२०५

बेरिंगवर माझं नाव घेतल्याबद्दल आभार काका 😄 २ एचपीत बहुतेक ६२०५ च निघते.

पण मी अजून तेच म्हणतो. मोटार उघडा, वायर काढा, ड्राइव्ह आणा, पॅरामीटर टाका. त्यापेक्षा अर्ज भरून मोकळा हो ना बे. उद्या मिलिंग आलं, सरफेस ग्राइंडर आला, प्रत्येकाला वेगळा ड्राइव्ह लावत बसणार काय?

---

शलाका

मशीन चार-पाच होणार असतील, पोलवर तिन्ही फेज असतील आणि पुढेमागे ५ एचपीचा कॉम्प्रेसर यायचा असेल, तर बेरिंगदादांचं खरं आहे. मीटर घ्यावं.

पण लेथवर ड्राइव्ह असण्यात एक वेगळी मजा आहे जी मीटरने मिळत नाही. पट्टा न बदलता वेग कमी-जास्त होतो. फेसिंग करताना (कामाचं टोक सपाट करताना) टूल मध्याकडे येतं तसा वेग वाढवता येतो, पार्टिंग करताना (काम कापून वेगळं करताना) खडखड सुरू झाली की नॉब थोडा मागे. सुरुवात हळू होते, स्टार्टरने होते तसा सहा-सात पट करंटचा झटका बसत नाही, आणि शेजाऱ्यांचे दिवे फडफडत नाहीत. माझा लेथ घरी थ्री फेज असूनही ड्राइव्हवरच आहे.

---

पुणेरी पाना

मग दलाल म्हणतो तसं सिंगल फेज मोटारीचं काय? स्वस्त आणि सुटसुटीत नाही का?

---

शलाका

ड्रिलला चालेल. ग्राइंडरलाही. लेथला मी लावणार नाही. सिंगल फेज मोटारीचा जोर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि बारीक फिनिश काढताना कधीकधी ते कामावर लाटांसारखं दिसतं. थ्री फेजमध्ये जोर एकसारखा असतो. शिवाय कंडेन्सर स्टार्ट मोटार पूर्ण थांबल्याशिवाय उलटी फिरवता येत नाही, आतला सेंट्रिफ्युगल स्विच बसेपर्यंत ती त्याच दिशेने जाते. आटे पाडताना याचा कंटाळा येतो. आणि सिंगल फेज मोटारीला पुढे व्हीएफडी लावून वेग बदलू म्हणाल तर तेही होत नाही.

---

काटोलकर

आणि ताई, डेल्टा करून कंडेन्सर लावला तर? ड्राइव्ह कायले पाहिजे मग?

---

शलाका

तेव्हा चालेल दादा. डेल्टात २३० वर, एका टोकाला कंडेन्सर. किलोवॅटला साधारण ७० मायक्रोफॅरड धरतात, म्हणजे लेथच्या मोटारीला शंभरच्या थोडं वर. रन कंडेन्सर हवा, ४४० व्होल्टचा. स्टार्ट कंडेन्सर लावून ठेवला तर फुटतो. मोटार आपल्या क्षमतेच्या दोन तृतीयांशापर्यंत काम देईल. अडचण अशी की तो कंडेन्सर एकाच भाराला बरोबर जुळतो. लेथवर भार सतत बदलतो, रिकामं फिरताना एका वाइंडिंगमधून जास्त करंट जातो आणि मोटार काम न करता तापते. पंपाचा भार एकसारखा असतो, म्हणून तुमच्याकडे ही युक्ती निभते.

---

निवृत्त तारतंत्री

यूट्यूबवर अमेरिकन लोक दुसरी मोटार नुसती फिरवत ठेवून तिच्यातून तिसरी फेज काढतात, रोटरी कन्व्हर्टर म्हणतात. कोणी तो सल्ला देण्याआधी सांगतो: त्यांच्या घरात २४० येतं आणि त्यांच्या मोटारीही त्याच व्होल्टेजच्या. आपल्या ४१५ च्या मोटारींसाठी आधी २३० चा ४१५ करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, वर सर्वात मोठ्या मशीनच्या दीडपट-दुप्पट क्षमतेची फिरती मोटार. ती रात्रभर घुमत राहील. डेल्टातली ३-५ एचपीची बरीच मशीन असतील आणि पोलवर एकच फेज असेल, तरच त्या वाटेला जा.

---

दिघोरीचा टर्नर

पोलवर तिन्ही फेज आहेत. पण आमचं घर तीन भावांचं, मीटर बाबांच्या नावावर आणि जुनी वायरिंग. आता मीटर बदलायचं म्हटलं तर घरात अधिवेशन भरेल. म्हणून ठरवलं, दोन्ही मोटारी डेल्टात आणि दोन ड्राइव्ह. लेथची मोटार रिवाइंडिंगला दिली आहे, सहा टोकं काढून देतो म्हणाला.

आता ड्राइव्ह लावताना काय काय बघू? मशीनवर पुढे-बंद-मागे असा जुना ड्रम स्विच आहे, तो तसाच ठेवायचा विचार आहे.

---

शलाका

ड्रम स्विच ठेवा, पण त्याचं काम बदला. ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मध्ये कोणताही स्विच नको. चालू असताना मध्येच मोटार तोडली की ड्राइव्हचे ट्रान्झिस्टर जातात. ड्राइव्हच्या तीन आउटपुट वायर थेट मोटारीत. ड्रम स्विचमधून ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलच्या वायरी न्या, फॉरवर्ड, रिव्हर्स आणि कॉमन. तिथे बारीक डीसी व्होल्टेज असतं, पॉवर नाही. जुन्या स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर एवढ्या कमी व्होल्टेजला ते नीट लागत नाहीत, घासून घ्या किंवा नवा छोटा स्विच लावा.

आता सर्वात महत्त्वाचं. लाइट गेली आणि परत आली तर लेथ आपोआप सुरू होता कामा नये. ड्रम स्विच 'पुढे' वर राहिला आणि ड्राइव्हला तशी सेटिंग असेल तर तो सुरू होतो. तुम्ही चक की लावून वाकलेले असाल तेव्हा लाइट येऊ शकते. पॉवर आल्यावर आपोआप सुरू न होण्याचं पॅरामीटर प्रत्येक ड्राइव्हमध्ये असतं, ते आधी शोधा आणि मशीन रिकामी ठेवून मेन पाडून-चढवून खात्री करा. जमलं तर दोन पुश बटणांची, म्हणजे सुरूचं वेगळं आणि बंदचं वेगळं, अशी तीन वायरची जोडणी करा. डीओएल स्टार्टरची नो व्होल्ट कॉइल जे काम करते तेच काम ती करते.

थांबण्याचा वेळ सुरुवातीला तीन-चार सेकंद ठेवा. एकदम कमी केला तर मोठा चक फिरताना मोटार उलट वीज तयार करते, डीसी बस चढतो आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. लवकर थांबवायचं असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर लागतो. आणि तारतंत्री काकांनी वर सांगितलंच आहे, आट्यांवरचा चक असेल तर झटक्यात ब्रेक आणि झटक्यात उलट दोन्ही नको.

वेगाची रेंज: खाली २० हर्ट्झच्या आसपास थांबा. त्याखाली मोटारीचा पंखा हळू फिरतो आणि ती तापते. जड कट असेल तेव्हा बॅकगिअर (लेथचा वेग कमी करणारे गिअर) टाका, नॉब फिरवून वेग पाडू नका. ड्राइव्हने वेग अर्धा केला तर टॉर्क तेवढाच राहतो आणि पॉवर अर्धी होते, बॅकगिअरने टॉर्क वाढतो. वरच्या बाजूला ६०-६५ हर्ट्झपर्यंत ठीक. त्याआधी चकवर किती आरपीएम कोरलं आहे ते बघा, बिडाचा जुना चक असेल तर तिथे हावरटपणा नको.

---

निवृत्त तारतंत्री

त्यात माझं थोडं.

सिंगल फेज ड्राइव्ह इनपुटला अपेक्षेपेक्षा जास्त करंट ओढतो. १.५ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण भारावर १४-१५ अँपिअर घेतो, कारण तो लाटेच्या शेंड्यावरच घोट घेतो. म्हणून १६ च्या प्लगवर कायमचा नको. डीबीपासून (घरच्या वितरण पेटीपासून) वेगळी ४ स्क्वेअरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी, आणि मशीनजवळ हाताशी आयसोलेटर.

आरसीसीबीवर (अर्थला करंट गळला की तोडणाऱ्या स्विचवर) वाद होतील म्हणून आधीच सांगतो. ड्राइव्हमधल्या फिल्टरमुळे अर्थला थोडी गळती कायम असते. घराच्या मेनला ३० मिलिअँपिअरचा एकच आरसीसीबी असेल तर तो कधीही पडेल आणि सगळं घर अंधारात. लोक मग आरसीसीबी काढून टाकतात किंवा ड्राइव्हचा अर्थ सोडतात. दोन्ही जिवाशी खेळ आहे. वर्कशॉपच्या लाइनला स्वतंत्र आरसीसीबी दे. टाइप एसी नको, निदान टाइप ए, सिंगल फेज ड्राइव्हसाठी टाइप एफ मिळाला तर उत्तम. थ्री फेज ड्राइव्हला टाइप बी लागतो.

अर्थिंग: लेथ, ड्रिल, ड्राइव्ह, मोटार, प्रत्येकाला वेगळी अर्थ वायर पट्टीपर्यंत. उन्हाळ्यात अर्थचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावापुरता उरतो. दिवाळीत चांगला आलेला रीडिंग मे महिन्यात येत नाही. पाणी टाकत राहा आणि उन्हाळ्यात एकदा मोजून घे.

---

बेरिंग ६२०५

उन्हाळ्यावरून आठवलं. ड्राइव्ह ४० डिग्रीसाठी बनलेला असतो. आपलं गॅरेज टिनाचं असेल तर मेमध्ये दुपारी आत ४५ च्या वर सहज जाते. आमच्याकडे सीएनसीच्या पॅनलला एसी आहे ते उगाच नाही.

---

शलाका

बरोबर. ४० च्या वर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे करंट कमी धरायचा. म्हणून नागपुरात मी एक साइज मोठा घ्यायला सांगते, १.५ च्या जागी २.२ किलोवॅटचा, आणि मोटारीचा करंट पॅरामीटरमध्ये प्लेटप्रमाणे टाकायचा. मात्र २.२ चा ड्राइव्ह घेतला म्हणून त्यावर ३ एचपीची डेल्टा मोटार लावू नका.

ड्राइव्ह लेथच्या मागे, चिपा उडतात तिथे नको. बिडाची भुकटी आत गेली की कार्ड शॉर्ट होतं. भिंतीवर, वरखाली हवेला मोकळी जागा ठेवून. उघडायचा असेल तर मेन बंद करून निदान दहा मिनिटं थांबा, आतले कंडेन्सर भरलेले असतात.

---

पुणेरी पाना

अवांतर: उद्या शेजारी म्हणाला "माझी एक पुली करून दे, पैसे घे", तर घरगुती मीटरवर चालतं का?

---

निवृत्त तारतंत्री

राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात घरात चालणाऱ्या छोट्या उद्योगाला घरगुती दर ठेवला आहे, महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत वापर असेल तर. वर्षाचा आकडा ओलांडला तर पुढे दर बदलतो. त्याच्या वर जॉबवर्क करून घरगुती दर भरत राहिलास आणि तपासणी झाली, तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं. लागू दराच्या दुप्पट आकारणी, आणि कधीपासून वापर होता हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. एका पुलीसाठी कोणी येणार नाही. बोर्ड लावून धंदा करायचा असेल तर सरळ औद्योगिक कनेक्शन घे, तो दर वेगळा असतो.

---

दिघोरीचा टर्नर

मंडळी, लेथ सुरू झाला. मोटारीतून सहा टोकं निघाली, मेगर चांगला आला, डेल्टात जोडून २.२ चा ड्राइव्ह लावला. ऑटोट्यूनिंग केलं. ३५ हर्ट्झवर रिकामा असताना बेअरिंगचा आवाज ऐकू येतो एवढा शांत आहे. मेन पाडून-चढवून बघितलं, आपोआप सुरू होत नाही. काटोलचे मामा येऊन बघून गेले, त्यांना नॉबने वेग कमी-जास्त होतो हे फार आवडलं, पंपाला लावता येतो का विचारत होते.

दोन प्रश्न उरले. एक, मोटारीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री घरच्यांना त्रास होतो. दोन, लेथला कूलंटचा छोटा थ्री फेज पंप आहे, तो त्याच ड्राइव्हच्या आउटपुटला जोडू का?

---

शलाका

शिट्टी कॅरिअर फ्रिक्वेन्सीची, म्हणजे ड्राइव्ह सेकंदाला किती ठोके देतो त्याची आहे. बहुतेक ४ किलोहर्ट्झवर असेल, ८ ते १० करा, कानाला जाणवणं बरंच कमी होईल. ड्राइव्ह थोडा जास्त तापेल, पण तुम्ही एक साइज मोठा घेतला आहे.

कूलंट पंप त्या ड्राइव्हला नको. लेथ २० हर्ट्झवर आणला की पंपाचं पाणीच वर येणार नाही, आणि लेथ उलटा फिरवला की पंपही उलटा. वर ड्राइव्हला दोन मोटारींचा एकत्र करंट दिसेल, त्यामुळे छोटी जळत असली तरी त्याला कळणार नाही. एवढ्या छोट्या पंपासाठी मत्स्यालयाचा किंवा कूलरचा सिंगल फेज पंप टाका. पितळ आणि बिडाच्या कामाला तसंही कूलंट लागत नाही.

---

बेरिंग ६२०५

कूलरचा पंप लाव, पण पाण्यात विरघळणारं तेल वापरशील तर जाळी बसव. चिपा गेल्या की तो पंप आठवड्यात बसतो. आणि भाऊ, त्या चकच्या प्लेचं काय केलंस? जॉ उलटसुलट बसवले नाहीत ना, नंबर बघ आधी.